तीन महिन्यांची सुई

संक्रांत झाली तशी हळदीचा पाला वाळून आडवा पडला. अर्धापूरच्या शिवारात सगळ्यांचीच हळद एका वक्ताला आली होती. मजुरीची माणसं ज्यानं आधी आवतण दिलं त्याच्याकडं गेली आणि वैजनाथच्या रानात घरचीच तीन माणसं उरली. तो, त्याची आई धोंडाबाई आणि बायको दीपमाला.

दीपमाला पाला कापत होती. विळा जमिनीलगत घालायचा, मूठभर पाला ओढायचा, मागं टाकायचा. वाकून वाकून कंबर लाकडासारखी झाली होती. पोळ्याच्या सुमाराला केळीचे घड वाहताना तिचं तिसरं लेकरू पोटातच गेलं होतं. तेव्हा चौथा महिना सरत आला होता. आठवडाभर ती अंथरुणावर होती, मग सोयाबीन आलं आणि ती उठली. तेव्हापासून खालून एकदम वर पाहिलं की तिला अंधारी यायची. विळा मातीत रोवून ती क्षणभर तशीच बसायची आणि अंधारी गेली की पुन्हा सरी धरायची.

पदरी दोन पोरी होत्या. थोरली साक्षी शाळेत जायची, धाकटी आरू नुकतीच बोलायला लागली होती. धोंडाबाई येणाऱ्याजाणाऱ्या बाईला सांगायची, "पुढच्या हळदीला हिच्या मांडीवर पोरगा असंल." वैजनाथ असं काही बोलत नसे. तो पीत नव्हता, हात उचलत नव्हता. फक्त रात्री तिला विचारत नसे. दिवसभर त्याच्याच बरोबरीनं वाकलेली बाई आपल्याइतकीच दमली असेल, हे त्याच्या ध्यानात येत नव्हतं.

बांधावरून लुंबिनी येताना दिसली. बौद्धवाड्यातली लुंबिनी गावची आशाताई होती. घरोघर फिरून ती बाळंतिणींची, लेकरांच्या डोसाची चौकशी करायची. पोळ्याला दीपमालाला दवाखान्यात घेऊन गेली होती तीच.

"कसं हाय?" लुंबिनीनं विचारलं.

"हाय तसंच."

"पाळी आली का?"

"परवा आली."

लुंबिनी बांधावर टेकली. वैजनाथ विहिरीकडं गेला होता, धोंडाबाई लांब जुड्या बांधत होती. तरी तिनं आवाज खाली घेतला. "मग याच दोन-चार दिवसांत चल. पाळीच्या सुरवातीलाच घ्यावं लागतं. पाळणा लांबवायच्या गोळ्या तुला नको होत्या, घरात ठेवायच्या कुठं म्हणलीस. ही सुई हाय. दंडात मारत्यात. तीन महिने बघायचं काम न्हाई."

दीपमालानं विळ्याची माती बोटानं काढली. "अंगाला काय व्हतं?"

"पाळीचा मेळ राहत न्हाई. कुणाला थेंब थेंब जात राहतं, कुणाचं बंदच व्हतं. भ्यायचं न्हाई. लई गेलं तर मला सांगायचं."

"पुन्हा लेकरू व्हतं?"

"सुई सोडली की व्हतं. जरा येळ लागतो."

"ह्यांना सांगावं लागतंय का?"

"लागत न्हाई. पण सांगितलेलं बरं."

"ते हाव म्हणायचे न्हाईत," दीपमाला म्हणाली आणि पुन्हा वाकली.

दोन दिवसांनी आरूच्या खोकल्याचं निमित्त करून ती आरोग्य केंद्रात गेली. सिस्टरनं तिला काट्यावर उभं केलं, दंडाला पट्टा बांधून बीपी बघितला. डोकं दुखतं का, कधी कावीळ झाली होती का, छातीत गाठबीठ आहे का, असं एकेक विचारलं. दीपमाला मान हलवत राहिली. आरू कडेवर किरकिर करत होती. सिस्टरनं ब्लाउजची बाही वर सारायला सांगितली. बाही घट्ट होती, दंड हळदीच्या वाळल्या पाल्याच्या धुळीनं पार वरपर्यंत पिवळा. सिस्टरनं कापसानं पुसला, पुन्हा पुसला, तरी कापूस पिवळाच निघाला.

"चोळू नकोस हं यावर. आणि अंगावरून जास्त गेलं तर इकडंच यायचं, दुसरीकडं कुठं जायचं नाही."

सुई टोचली तेव्हा तिनं आरूचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं होतं. बस, एवढंच. ती दुपारच्या आत रानात परतली आणि त्याच हातानं विळा धरला. दंड ठणकत होता. त्या रात्री वैजनाथ जवळ आला तेव्हा ती पहिल्यांदाच छताकडं बघत महिन्याचा हिशेब करत पडली नाही. तिला झोप लागली. सकाळी कोंबडं आरवलेलंही कळलं नाही, आणि सासूनं हाक मारली तेव्हा चोरी सापडल्यासारखी ती दचकून उठली.

माघ सरता सरता हळद खणायला काढली. वैजनाथ कुदळ मारायचा, मागून दोघी सासूसुना गड्डे उपटून माती झटकायच्या, बोटाएवढी हळकुंडं मोडून वेगळी करायच्या. आणि त्याच दिवसांत दीपमालाच्या अंगावर जायला लागलं.

घरात अजून विटाळ पाळत. चार दिवस बाईनं गोठ्याला लागून असलेल्या पडवीत बसायचं. चुलीपाशी, देवापाशी, पाण्याच्या रांजणापाशी जायचं नाही. ताट वेगळं, तांब्या वेगळा, अंथरायला पोतं. रानात जायला मात्र हरकत नव्हती. हळदीला विटाळ चालायचा.

पाचव्या दिवशी ती डोक्यावरून नहाली आणि चुलीपुढं बसली. पिठात पाणी घालायच्या आत तिला कळलं. ती उठली आणि काही न बोलता पडवीत जाऊन बसली. धोंडाबाईनं परातीकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. "पुन्हा?"

"हाव, मामी." सासूला ती मामी म्हणायची.

धोंडाबाईनं ते पीठ गुरापुढं टाकलं आणि नवीन पीठ घेतलं.

मग ते थांबेचना. कधी नुसता डाग, कधी दुपारी ओंजळभर गेल्यासारखं वाटायचं आणि पाय गार पडायचे. एखादा दिवस कोरडा जाई, ती नहायची, घरात यायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पडवीत. कपडे धुवायला ती ओढ्याला सगळ्या बायका गेल्यावर जायची. साक्षी वरून पाणी ओतायची आणि ती ओंजळीनं प्यायची. आरूला हे समजत नव्हतं. ती उंबऱ्यातून हात पसरून रडायची, धोंडाबाई तिला मागं ओढायची आणि पोरगी रडून रडून झोपायची.

शेजारची उमाबाई दारातूनच म्हणाली, "धोंडे, तुझी सून घरात कमी अन् भाईरच जास्ती." दीपमाला पडवीत हळदीचे गड्डे फोडत होती. तिनं मान वर केली नाही.

लुंबिनी एकदा घरी येऊन गेली. धोंडाबाई दारातच बसली होती, त्यामुळं तिला नुसतं आरूचा खोकला गेला का एवढंच विचारता आलं. जाताना तिनं दीपमालाकडं बघून दवाखान्याच्या दिशेला मान केली. दीपमालानं हळदीच्या ढिगाकडं बघितलं. एवढा ढीग टाकून, पडवीतून उठून, कुठलं निमित्त काढून जायचं हे तिला सुचलं नाही.

आणि धोंडाबाई थकली. पहाटे उठून भाकऱ्या, मग रान, मग पुन्हा चूल. तिची स्वतःची पिशवी ती ऐन तरणी असतानाच काढली होती. अंगावरून पांढरं जातं म्हणून गेली होती, तेवढ्यावर पिशवी काढून घरी पाठवली. तेव्हापासून तिची हाडं दुखायची. थंडीत तर उठताना ती भिंतीला धरून आधी अर्धी उभी राहायची, दम घ्यायची, मग सरळ व्हायची. आता भाकरी थापताना तिचा उजवा हात मधेच थांबायचा. ती डाव्या हातानं तो मनगटापाशी दाबायची आणि पुन्हा थापायची. दीपमाला पडवीतून ते बघायची. उठून परात ओढून घ्यावी असं तिला वाटायचं. ती पोत्यावर बसून राहायची.

एके सकाळी हळकुंडाची पाटी उचलताना दीपमाला खाली बसली ती उठलीच नाही. ओठ पांढरे पडले होते. वैजनाथनं कुदळ टाकली. धोंडाबाई म्हणाली, "वैजा, हिला दाखवून आणू. पोटात काही तरी हाय."

शहरातल्या खाजगी दवाखान्यात दुपारपर्यंत नंबर लागला नाही. लागला तेव्हा तिघंही आत गेली. डॉक्टर घाईत होते, पण खेकसणारे नव्हते. पोटावर गार चिकट औषध लावून त्यांनी पडद्यावर बघितलं. मग खुर्चीत बसून विचारलं, "किती दिवसांपासून जातंय?"

"महिना झाला," धोंडाबाईनं सांगितलं.

"काही गोळ्या, इंजेक्शन वगैरे घेतलंस का? पाळणा लांबवायचं?"

प्रश्न दीपमालाला होता. एका बाजूला सासू बसली होती, दुसऱ्या बाजूला नवरा उभा होता. पोटावरचं गार औषध पुसायचं राहिलं होतं, ते लुगड्याला लागत होतं.

"न्हाई," ती म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली. "रक्त फार कमी आहे. गोळ्या देतो. थांबलं तर बरं. नाही थांबलं तर पिशवीचा विचार करावा लागेल. लेकरं किती?"

"दोन पोरी," वैजनाथ म्हणाला. "पिशवी काढली तर मग..."

"मग लेकरू नाही. पण बाई राहील." ते पुढची चिठ्ठी लिहायला लागले.

परतीच्या जीपमध्ये वैजनाथ पुढं बसला होता, त्याची मान मागून दिसत होती. धोंडाबाई खिडकीबाहेर केळीच्या बागांकडं बघत होती. मधेच ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "मलाबी असंच टेबलावर निजवलं व्हतं. उठले तवा काढून झाली व्हती. मला कोणीच इचारलं न्हाई." जीपच्या आवाजात ते फक्त दीपमालाला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी वैजनाथ हळद शिजवायच्या कुकरची पाळी लावायला गेला. रानात दोघीच होत्या. ऊन तापायला लागलं होतं. दीपमालाला धोंडाबाईनं लिंबाच्या सावलीत बसवलं होतं आणि नुसती हळकुंडं मोडायला दिली होती. स्वतः ती पाटीनं गड्डे आणून पुढ्यात ओतत होती. तिसऱ्या पाटीला ती गुडघ्यावर हात देऊन उभी राहिली, तिला वाकता येईना.

"मामी, बसा जरा."

"बसून कसं व्हईल?" पण ती बसली.

दीपमाला हळकुंड मोडत राहिली. कट्‌ कट्‌ असा बारीक आवाज येत होता. "मामी, माझ्या पिशवीला काही झालेलं न्हाई."

"तुला काय कळतंय?"

"मी सुई घेतली. लेकरू ऱ्हाऊ नाही म्हणून. संक्रांतीनंतर. त्याच्यानंच जाऊन राहिलंय."

धोंडाबाईनं पाटी बाजूला सारली. तिनं सुनेकडं बघितलं नाही. दीपमालाला वाटलं, आता तोंडात बसेल. तिनं हातातलं हळकुंड घट्ट धरलं.

"काल डाक्टरला न्हाई म्हणलीस."

"हाव."

"पिशवी काढली असती तरी न्हाईच म्हणली असतीस?"

दीपमालानं मुठीतलं हळकुंड ढिगात टाकलं. मग ती म्हणाली, "पोळ्याला ते गेलं तवा मी घड खाली ठेवला, अन् मग खाली बसले, मामी. आधी घड ठेवला. केळीला डाग पडंल म्हणून. मला आणखी एक व्हायचं न्हाई. आता न्हाई. अंगात काहीच उरलं न्हाई."

धोंडाबाई उठली. भिंत नव्हती म्हणून तिनं लिंबाच्या बुंध्याला धरलं. पाटी तिथंच टाकून ती घराकडं चालायला लागली. दीपमाला तिची पाठ लहान होत जाताना बघत राहिली. मागं जावं की बसावं हे तिला कळत नव्हतं. हात आपसूक हळकुंडं मोडत होते.

संध्याकाळी ती परतली तेव्हा नेहमीप्रमाणं पडवीकडं वळली. धोंडाबाई चुलीपुढं बसली होती. चूल पेटवलेली, परातीत पीठ घेतलेलं, पण मळलेलं नव्हतं.

"पाय धू अन् आत ये," ती म्हणाली.

"मामी, अजून जातंय."

"ते औषधाचं रगत हाय. त्याला इटाळ न्हाई." थोडं थांबून ती म्हणाली, "माझा हात चालंना. भाकरी टाक."

दीपमाला पाय धुऊन आत आली. आरू धावत येऊन तिच्या गुडघ्याला बिलगली. पीठ मळताना दीपमालाचे डोळे भरून आले, पण ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"वैजाला तू सांग," पाठमोऱ्या धोंडाबाईनं म्हटलं. "मी सांगणार न्हाई. अन् उद्या त्या लुंबिनीला बोलव. जिथं टोचून घेतलं तिथंच जाऊ."

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. शहरातल्या डॉक्टरांच्या गोळ्या बघितल्या. "त्यांना माहीतच नव्हतं, तर ते तरी काय सांगणार?" त्या म्हणाल्या. त्यांनी तिला तपासलं, रक्त बघितलं. पिशवी ठीक होती, रक्त फार कमी होतं. जाणं थांबायच्या वेगळ्या गोळ्या आणि रक्त वाढायच्या लाल गोळ्या दिल्या. "पहिल्या सुईनंतर असं काहींना होतं. दुसरी घ्यायची की नाही, ते तू ठरव. नको असेल तर दुसरे उपाय आहेत."

वैजनाथला तिनं रानातच सांगितलं. तो हळद शिजलेल्या कुकरातून वाफाळती हळकुंडं खळ्यावर पसरत होता. तिनं पसरता पसरताच सांगितलं, कारण समोर बसून सांगायचं धाडस तिला झालं नसतं. त्यानं फावडं थांबवलं. तोंडावर वाफ आणि घाम होता, त्यामुळं चेहरा कसा झाला ते तिला नीट कळलं नाही.

"आईला ठाव हाय?"

"हाव."

"म्हणजी मीच राहिलो." तो फावड्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. "मला इचारलं असतंस."

"तुम्ही हाव म्हणला असता?"

त्यानं खरोखरच विचार केला. "न्हाई," तो म्हणाला.

त्या दिवसापासून तो खळ्यावर राखणीला झोपायला लागला. हळद उघड्यावर वाळत होती, राखण लागायचीच, त्यामुळं गावात कोणाला वेगळं वाटलं नाही. जेवायला यायचा, आरूला खेळवायचा, साक्षीला शाळेचं विचारायचा. दीपमालाशी कामापुरतं बोलायचा. पोतं दे, पाणी आण. ती द्यायची, आणायची. तिचं जाणं हळूहळू कमी झालं, मग थांबलं. लाल गोळ्यांनी तोंड कडू व्हायचं, पण खालून वर बघताना अंधारी यायची ती जरा कमी झाली. राग त्याला होता तसा तिलाही होता. मात्र तो काढायला दोघांनाही सवड नव्हती.

एकदा धोंडाबाई ताट वाढताना मुलाला म्हणाली, "तू झाल्यावर मला दोन गेली. तुझ्या बापाला आकडाबी ठाव नव्हता." वैजनाथनं घास तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिला.

चैत्र सरत आला. हळद ड्रममध्ये घोळून, घासून पोत्यात भरली. गरम वारं सुटलं आणि केळीची पानं चिंध्यांसारखी फाटली. लुंबिनी येऊन दुसऱ्या सुईची वेळ झाल्याचं सांगून गेली. आता तिनं ते दारात उभं राहून, धोंडाबाईच्या देखत सांगितलं.

सकाळी दीपमाला आरूला घेऊन निघाली तेव्हा वैजनाथनं मोटारसायकल अंगणात काढली होती. "बस," तो म्हणाला. कुठं, ते दोघांनाही बोलायची गरज पडली नाही.

आरोग्य केंद्रात बायकांची रांग होती म्हणून तो बाहेर लिंबाखाली उभा राहिला. दीपमाला आत गेली. सिस्टरनं वजन केलं, बीपी बघितला, मागच्या खेपेला जे झालं ते विचारलं. "घ्यायची ना? नक्की?"

"हाव."

बाही वर सारत होती तेवढ्यात दारात वैजनाथ आला. बायकांच्या खोलीत शिरायचं त्याला अवघडल्यासारखं झालं होतं, म्हणून तो उंबऱ्याबाहेरच थांबला आणि दीपमालाकडं न बघता सिस्टरला म्हणाला, "बाई, हे बंद केलं की लेकरू व्हतं ना?"

"होतं. आठ-दहा महिने जातात कधी, पण होतं."

"अन् हिला काही... जिवाला?"

"रक्त वाढतंय आता. तिला खाऊ घाला. जड उचलू देऊ नका."

तो मान हलवून मागं सरला. दीपमालानं त्याचे दोन्ही प्रश्न ऐकले. पहिला आधी आला होता आणि दुसरा नंतर, हे तिच्या ध्यानात आलं. पण दुसरा आला होता. सिस्टरनं कापूस लावला.

परतताना ऊन चढलं होतं. आरू दोघांच्या मधे पेंगत होती. गावाच्या अलीकडं चढ लागला तेव्हा गाडी हळू झाली आणि वैजनाथ पुढं बघत म्हणाला, "दोन वर्सं. मग बघू."

दीपमालाचा दंड ठणकत होता. तिनं आरूचं डोकं सावरून धरलं.

"अंगात जीव आला की मी सांगन," ती म्हणाली. "तवर न्हाई."

चढ संपला. मग त्यानं गिअर बदलला. "बरं," तो म्हणाला. आवाजात राजीखुशी नव्हती. तिनं ते ऐकलं आणि त्याहून जास्त काही त्याच्याकडून मागितलं नाही.